मोहाच्या वळणावरून काय दिसतं

ठमाबाईला एक प्रश्न दहा वर्षं छळत होता, आणि तो कुणाला विचारायची सोय नव्हती. विचारला असता तर तिचंच हसं झालं असतं. प्रश्न एवढाच, की ही माणसं बघतात तरी काय?

सापुताऱ्याला हवा खायला आलेली माणसं दोन दिवसांत कंटाळतात. तलावात होडी फिरवून होते, घोड्यावर बसून होतं, भजी खाऊन होतात, मग तिसऱ्या दिवशी काय करायचं? अशांसाठी तिथले जीपवाले एका दिवसाची सहल काढत. सकाळी हातगडचा किल्ला, मग घाट उतरून वणीच्या गडावर देवीचं दर्शन, आणि दिवस मावळायच्या आत घाट चढून पुन्हा हॉटेलात. हातगडच्या खाली, ऐन चढावर, एका जुन्या मोहाच्या झाडाशी रस्ता वळतो. त्या वळणावर ठमाबाईची चहाची टपरी.

पहिली जीप तिथे थांबली ती चौऱ्याण्णव साली. शेजारच्या पाड्यावरचा बुधा ती चालवत होता. ठमाबाई तेव्हा नुसती भाजलेली कणसं घेऊन बसायची. जीपमधून आठ-दहा माणसं उतरली, कमरेवर हात ठेवून दरीच्या कडेला उभी राहिली आणि "वा, वा" म्हणाली. बुधानं मोठ्या आवाजात सांगितलं, "हा व्हॅली पॉइंट. हवा साफ असली तर इथनं तीन राज्यं दिसतात." माणसांनी डोळे बारीक करून तीन राज्यं शोधली, कणसं खाल्ली, वीस मिनिटांनी निघून गेली. दुसऱ्या दिवशी दोन जीप थांबल्या. वर्षभरात कणसांच्या जागी चूल आली, किटली आली, बाकडं आलं, आणि गवती चहा घातलेल्या ठमाबाईच्या चहाचं नाव वर सापुताऱ्यापर्यंत पोहोचलं.

त्या वर्षापासून ठमाबाई आणि तिचा नवरा रावजी द्राक्षाला गेले नाहीत. ही गोष्ट तिच्या लेखी तीन राज्यांपेक्षा मोठी होती. पाड्यावरची सगळी घरं भात कापून झालं की पिंपळगाव बसवंतकडे द्राक्षबागांत मजुरीला जातात ते थेट होळीलाच परततात. प्लास्टिकच्या कागदाखाली राहायचं आणि दिवसभर मांडवाखाली हात वर करून उभं राहायचं. ठमाबाईनं अठरा हिवाळे हात वर करून काढले होते. आता तिचा उजवा खांदा कानाच्या वर जात नव्हता. वेणी घालायलासुद्धा सुनेला हाक मारावी लागे.

म्हणजे ज्या कशाला ती माणसं "वा" म्हणत होती, त्याच्या जिवावर तिचं घर घरी होतं. आणि ते काय आहे हेच तिला माहीत नव्हतं. गिऱ्हाईक नसताना ती मुद्दाम त्यांच्याच जागी, त्यांच्यासारखे कमरेवर हात ठेवून उभी राही. खाली ओहोळ. भाताची खाचरं. पलीकडे बोडका डोंगर, त्याच्या कुशीत तिचाच पाडा, आणि पाड्यापासून पार खालच्या डांबरी रस्त्यापर्यंत उतरणारी तांबडी पायवाट. राज्य वगैरे एकही नाही. यात "वा" म्हणण्यासारखं काय आहे हे तिला दहा वर्षांत उमगलं नाही.

तिनं आपल्या परीनं बारीक निरीक्षण मात्र केलं होतं. जीप सकाळी उतरताना कधीच थांबत नसत, संध्याकाळी चढतानाच थांबत. तिनं ठरवलं, सकाळी धुकं असतं, बघण्यासारखं दिसत नसणार. थांबल्या की ड्रायव्हर पुढचं झाकण उघडत, तिच्याकडून कळशीभर पाणी मागून घेत आणि आत ओतत. त्यातून भसाभसा वाफ येई. यात तिला काहीच नवल वाटलं नाही. बैलगाडी सावलीला थांबवली की माणूस आधी बैलाला पाणी दाखवतो. थांबलोच आहोत तर जनावराला पाणी पाजावं, ही रीतच आहे.

आणि यंदा दसऱ्यानंतर जीप थांबायच्याच बंद झाल्या.

एकाएकी नव्हे. पावसाळ्यात वरच्या मालकांनी जुन्या जीप काढून नव्याकोऱ्या गाड्या आणल्या होत्या, पांढऱ्याशुभ्र, काचा बंद असलेल्या. त्या वळणावर आल्या की हॉर्न देत आणि निघून जात. बुधा तेवढा काचेतून हात करी. ठमाबाईनं आधी दोन दिवस वाट पाहिली, मग आठ, मग तीन आठवडे. दिवाळीची सुट्टी लागली, रस्ता गाड्यांनी भरून वाहायला लागला आणि किटलीतला चहा रावजीनं आणि तिनंच पिऊन संपवला.

"द्राक्षाचा मुकादम आलता," रावजी गुरुवारी म्हणाला. "सोमवारी टेम्पो येतो. जोडी पाहिजे म्हनतो. सांगू का आपलं नाव?"

"शनिवारपर्यंत थांब."

"शनिवारी काय होनार हाय?"

"मी बघून येते," ठमाबाई म्हणाली. "त्यांना दुसरीकडं कुठं आपल्यापेक्षा चांगला पॉइंट सापडला आसंल. काय हाय तिथं, ते बघते. मग ठरवू."

रावजीनं तिच्याकडे असं पाहिलं, जणू तिचं डोकं उन्हानं फिरलं असावं. पण इतक्या वर्षांच्या संसारात त्याला एवढं कळलं होतं, की हिच्या डोक्यात एकदा भुंगा शिरला की तो बाहेर पडेपर्यंत आपण गप्प बसलेलं बरं.

शुक्रवारी सकाळी ती नवं लुगडं नेसून हातगडच्या पायथ्याशी जाऊन उभी राहिली. बुधाची सहल किल्ला उतरून गाडीत बसत होती.

"बुधा, मला ने."

"कुठं, मावशी?"

"तू ह्यांना नेतो तिथं. सगळीकडं."

बुधा गडबडला. पण मागचं एक सीट रिकामं होतं आणि टपरीवरचा दहा वर्षांचा चहा त्याच्या पोटात होता. त्यानं दार उघडलं. शेजारी नाशिकची एक बाई बसली होती, शुभांगी नावाची, शाळेत शिकवणारी. तिनं स्वतःची पिशवी मांडीवर घेऊन जागा करून दिली.

त्या दिवशी ठमाबाईनं डोंगर पाहिला नाही, डोंगर बघणारी माणसं पाहिली. घाटात एका कठड्याशी गाडी थांबली तेव्हा ती सगळ्यांच्या मागे उभी राहिली. बुधा बोट दाखवून काहीतरी सांगत होता. माणसं आधी बोटाकडे बघत, मग बोट दाखवेल तिकडे, मग एकमेकांकडे, आणि शेवटी त्या सगळ्याकडे पाठ करून ओळीनं उभी राहत आणि फोटो काढून घेत. पुढे एका तळ्याशी तेच. वणीच्या गडावर ती चैत्रात कितीदा तरी चालत आलेली होती. तिथे तिनं देवीला हात जोडले, तळमळीनं खांद्याचं आणि सोमवारचं गाऱ्हाणं घातलं, आणि बाहेर येऊन कड्याच्या टोकाशी पुन्हा माणसं बघत बसली. तिथेही बोट, मान, पाठ, फोटो. तिच्या वळणापेक्षा कडा खोल होता हे तिनं मान्य केलं. पण कठड्याचा पॉइंट तर अगदीच भिकार होता. तिथून एक माळ आणि विजेचे खांब दिसत होते, आणि तरी माणसं "वा" म्हणाली होती.

शेवटी तिला राहवलं नाही. "बाई, रागावू नका," तिनं शुभांगीला विचारलं, "तुम्ही काय बघता हो?"

शुभांगी हसली, मग जरा विचारात पडली. "खरं सांगू, मावशी? गाडी थांबवली म्हणून बघतो. घरून निघताना कुठं माहीत असतं काय बघायचं ते. कुणी तरी थांबवून दाखवावं लागतं."



संध्याकाळी गाडी घाट चढायला लागली. ठमाबाई पुढे वाकून बसली होती. मोहाचं झाड दिसलं. रिकामं बाकडं दिसलं, त्यावर बसलेला रावजी दिसला, आणि बुधानं हॉर्नवर हात ठेवला.

"थांब," ती म्हणाली. "इथं का नाय थांबत तू? कठड्याशी थांबतो, तळ्याशी थांबतो. माझ्या वळनानं काय घोडं मारलंय?"

बुधानं आरशातून प्रवाशांकडे पाहिलं आणि आवाज खाली आणला. "मावशी, गाडी गरम होत नाय आता."

"म्हंजे?"

"जुनी जीप भरली की ह्या चढाला उकळायची. वळनावर तुझं पानी होतं. इंजिन गार व्हायला वीस मिनिटं लागायची. गाडी खराब हाय म्हटलं तर लोक बोंबलनार. म्हनून म्हनायचो, पॉइंट हाय, बघा. सगळेच म्हनायचे." त्यानं मान खाजवली. "नव्या गाडीला गरज नाय."

ठमाबाईला आधी हसू आलं आणि मग फार राग आला. बुधाचा नव्हे, स्वतःचा. दहा वर्षं ती ज्याला बैलाचं पाणी समजत होती तीच खरी गोष्ट होती, आणि ज्याला खरी गोष्ट समजून कमरेवर हात ठेवून शोधत होती ते काहीच नव्हतं. वीस मिनिटं पाणी गार होत होतं, एवढ्यावर तिचं घर उभं होतं.

गाडी तिला उतरवायला थांबलीच. थांबली म्हणून माणसंही उतरली, पाय मोकळे करायला. "इथं काय आहे?" कुणी तरी विचारलं. बुधाच्या तोंडी सवयीनं आलं, "हा व्हॅली पॉइंट. हवा साफ असली तर इथनं तीन..."

"काय राज्यं-बिज्यं दिसत नाय," ठमाबाई म्हणाली.

सगळे तिच्याकडे बघायला लागले. शुभांगीनं विचारलं, "मग काय दिसतं, मावशी?"

ठमाबाईनं उजवा हात उचलला. तो कानापर्यंत गेला आणि अडला, म्हणून तिनं डाव्या हातानं बोट दाखवलं. "ती तांबडी वाट दिसती का? तो आमचा पाडा. भात कापून झालं की सगळा पाडा त्या वाटेनं खाली उतरतो. पिंपळगावला, द्राक्षाला. सोमवारी उतरंल. म्हाताऱ्यांशिवाय कुनी राहत नाय. डोक्यावर हंडे, बायकांच्या पाठीला पोरं, कोंबड्यासुद्धा टोपल्यात घालून नेतात. खाली टेम्पो उभा असतो. तुम्ही बाजारात द्राक्षं घेता ना, ती आधी ह्या वाटेनं चालत जातात." मग तिनं कोणत्या दगडाशी बाया ओझं उतरवून दम घेतात ते दाखवलं, कोणत्या घराच्या दाराला निघताना कुलपाऐवजी नुसता दोर बांधतात ते दाखवलं, आणि वाटेच्या मधल्या वळणावर तिचा थोरला मुलगा जन्मला ती करंजाची सावली दाखवली. कुणी पाठ करून उभं राहिलं नाही. एका माणसानं गळ्यातला कॅमेरा हातात घेतला आणि तसाच खाली सोडला. रावजीनं न विचारता चूल पेटवली. इंजिन गार होतं आणि गाडी पाऊण तास थांबली.

शनिवारी रावजीनं पुन्हा विचारलं, "सांगू का नाव?" तिनं रस्त्याकडे बघितलं. रस्ता रिकामा होता. "नको सांगू," ती म्हणाली. त्या संध्याकाळी बुधा थांबला. रविवारी बुधा थांबला आणि त्याच्यामागे आणखी दोघं.

सोमवारी मात्र बुधा सकाळीच आला. घाट उतरताना, धुकं पुरतं विरायच्या आधी. वळणावर तीन गाड्या लागल्या आणि माणसं गुपचूप कडेला येऊन उभी राहिली.

पाड्यातून रांग निघाली होती. पुढे पुरुष, मागे बाया, हंडे, टोपल्या, पोरं. ठमाबाई अठरा वर्षं त्या रांगेत चालली होती. पुढच्या बाईच्या टाचांशिवाय तिला तेव्हा काही दिसलं नव्हतं. पुढची दहा वर्षं या दिवशी ती इथे चुलीशी वाकलेली असायची. वरून ती रांग कशी दिसते हे तिनं आज पहिल्यांदा पाहिलं. इतकी लांब असेल असं तिला वाटलं नव्हतं. तिला बोलायचं होतं, माणसं थांबली होती ती त्यासाठीच, पण तिनं नुसतं बोट दाखवलं.

दम घ्यायच्या दगडाशी रांगेतली एक बाई थांबली. ती तिची जाऊ पुतळाबाई, चालण्यावरूनच ओळखू आली. पुतळाबाईनं डोक्यावरचा हंडा खाली ठेवला, कपाळावर आडवा हात धरला आणि वर वळणाकडे बघितलं, तीन गाड्यांकडे, कडेला ओळीनं उभ्या माणसांकडे. मागच्या बायका तिला ओलांडून पुढे गेल्या तरी ती बघतच राहिली.

ही माणसं बघतात तरी काय, हा तिचा प्रश्न ठमाबाईला इतक्या लांबूनही ऐकू आला. उत्तर आता तिला माहीत होतं, पण हाक तिथवर पोहोचणार नव्हती. तिनं दुखरा हात जाईल तितका वर केला आणि पुतळाबाई हंडा उचलून चालायला लागेपर्यंत तसाच धरून ठेवला.