माहेरी पडलेली टिंबं

बाळंतिणीला दुपारी जी लागते तिला नुसती झोप म्हणणं म्हणजे तिच्यावर अन्यायच. अंगाला तेल चोळून झालेलं, बाजेखाली शेगडीचा मंद शेक, खोलीभर ओव्याचा वास आणि कुशीत मऊ फडक्यातली पोर. प्रतिक्षाचे डोळे मिटले की ती अलगद वर उठायची आणि माहेरच्या गावावर, आंबागडावर, तरंगायला लागायची. खाली डोंगरावरचा किल्ला, बांधांनी आखलेली धानाची शेतं, तळी आणि शेतातल्या छोट्या बोड्यांचे निळे डाग. सारं कसं सावकाश सरकत राहायचं.

तिला हे वरून बघणं नवीन नव्हतं. भंडाऱ्याच्या एका संस्थेत ती नकाशाचंच काम करायची. हवा कुठं खराब, पाणी कुठं खराब आणि त्याचा माणसांवर काय परिणाम होतो, हे शोधायचं काम. गावोगाव फिरायचं, नुकतं जन्मलेलं बाळ असेल त्या घरी जायचं, वजन विचारायचं आणि मोबाइलवर त्या घराच्या जागी टिंब टाकायचं. वजन बरं असेल तर हिरवं, कमी असेल तर लाल.

तिची स्वतःची पोर लाल निघाली होती. दोन किलोच्याही आत. आता दूध ओढायची, रडायची, सगळं करायची. तरी तिचा श्वास चालू आहे ना हे बघायला प्रतिक्षा स्वप्नातून पुन्हा पुन्हा खाली यायची. सव्वा महिना होत आला होता. अश्वजित, तिचा नवरा, उद्या दोघींना मुरमटोल्याला न्यायला येणार होता. मुरमटोला हे लाखनीकडचं तिचं सासर. तिथल्या राईस मिलच्या बॉयलरवर तो कामाला होता. पोर एवढीशी, तिला इतक्या लांब न्यायचं प्रतिक्षाच्या जिवावर आलं होतं.

त्या दुपारी तिच्या ऑफिसातली खुशबू बाळ बघायला आली. पोरीच्या हातावर नोट ठेवली, चहा घेतला आणि मग जरा अवघडून टॅब काढला.

"नकाशा झाला वं पूर्ण. पण तुमचं आंबागड लालेलाल आलं. सर म्हणतात, विहिरीत काही तरी असंल, नाही तर या शेगड्यायचा धूर. विहीर बंद कराले लावतील."

प्रतिक्षाची आई तुळसाबाई दारात सूप घेऊन उभी होती. तिनं सूप खाली ठेवलं.

"याच विहिरीच्या पाण्यावर म्या तीन लेकरं वाढवली. बंद कराले कोण येते ते पाहतोच मी."

"मावशी, मी नाही म्हणत, नकाशा म्हणते."

"मंग त्या नकाशालेच पाणी पाज."

प्रतिक्षाला हसू आलं, पण नजर टॅबवर होती. "अन् मुरमटोला?"

"एकदम साफ. टिंबंच दोन-तीन, तीही हिरवी. मिलच्या मालकानं तर नकाशा छापून मागितला, ऑफिसात लावाले."

घ्या! धुराड्याखालचं गाव साफ आणि जंगलाच्या कडेचं गाव रोगट. प्रतिक्षानं टॅब जवळ ओढला. आंबागडच्या घरांवर लाल टिंबं पांगली होती. तिनं आणखी जवळ नेलं. एक टिंब नेमकं याच अंगणावर होतं. ते तिचंच होतं. ती त्याच्याकडे बघत राहिली आणि तिची झोप पार उडाली.

"आई, हे पाटाजवळचं घर कोणाचं वं?"

"रुखमिणीचं. तिची उर्वशी आली होती ना बाळंतपणाले."

"उर्वशीचं सासर?"

"अशी कशी विचारतेस? मुरमटोला. तिनंच तर तुयी सोयरीक जमवली."

"अन् हे मागचं?"

"आनंदाबाईचं. तिचीही पोरगी तठीच देली."

आंबागडची एक पोर मुरमटोल्यात पडली, तिनं दुसरीला ओढलं, दुसरीनं तिसरीला. सोयरिकी अशाच होतात. आणि बाळंतपणाला पोरी माहेरी येतात, पहिल्या काय आणि दुसऱ्या काय. नऊ महिन्यांतले सात-आठ महिने सासरच्या हवेत काढायचे आणि टिंब मात्र आईच्या अंगणात. मुरमटोल्यातली ती हिरवी टिंबंही तशीच, दुसरीकडं दिलेल्या आणि बाळंतपणापुरत्या आलेल्या तिथल्या लेकींची.

बरं, प्रश्न तरी कोणी काढले होते? प्रतिक्षानंच. आईचं नाव, वय, बाळाचं वजन, घराची जागा. गरोदरपण कुठं गेलं हे विचारायचं तिला सुचलंच नव्हतं. कसं सुचणार? बाई बाळंतपणाला माहेरी येते हे इथं शेंबड्या पोरालाही ठाऊक. जे सगळ्यांनाच ठाऊक, ते विचारायचं कोणी? तिला स्वतःचा भयंकर राग आला.

दोघी मग फोनवर एकेका घरी विचारत बसल्या आणि एकेक टिंब उचलून त्याच्या खऱ्या जागी ठेवत गेल्या. ऊन कलेपर्यंत आंबागड मोकळं झालं आणि मुरमटोला भरत गेला. मिलच्या ज्या बाजूला राख उडते त्या बाजूला लाल नुसतं दाटलं. मधोमध प्रतिक्षाचं सासरचं घर.

ती राख तिला आठवली. पोटात पोर होती तेव्हा ती सकाळी अंगणात बसायची आणि जळलेल्या भुशाचे काळे कण उन्हातून हळूहळू खाली यायचे. वाळत घातलेल्या लुगड्यावर, केसांवर, हातावर. तिला ते छान वाटायचं. हात पुढं करून ती ते झेलायची. आता तो हात तिला धुवावासा वाटला.

"तपासणी लागंल अजून," खुशबू उठता उठता म्हणाली. "पण पाहाची जागा तरी खरी झाली. विहिरीचं मी सरले सांगतो."

दुसऱ्या दिवशी अश्वजित आला. झबलं आणलं होतं, पायातले वाळे आणले होते. पाणी पिऊन होईतो प्रतिक्षानं कसाबसा दम धरला आणि मग मोबाइल त्याच्यापुढं धरला. भांडण होणार हे धरूनच ती बोलत होती. मिल गेली तर त्याची रोजी जाणार होती.

त्यानं नकाशा जवळ ओढून मिलपासूनची गल्ली शोधली. मग एका टिंबावर बोट ठेवलं.

"हा आपला?"

"आपला."

त्यानं झोळीत वाकून पोरीकडं पाहिलं. तिला घ्यायला हात पुढं केले, नखांतल्या काजळीकडं बघितलं आणि मागं घेतले.

"तुमी दोघी इथंच राहा," तो म्हणाला. "नोको येऊ तिकडं."

प्रतिक्षानं मनातल्या मनात जुळवलेली सगळी बोलणी तिथंच विरघळली. तिला रडू आलं.

"अन् तुमी?"

"मी कुठं जाईन? बॉयलर काय आपल्या मनानं पेटते?" तो हसला. हसता हसता खोकला आला. भिंतीला हात टेकून तो वाकला आणि खोकत राहिला.

हा खोकला प्रतिक्षाला पाठ होता. संध्याकाळी गल्लीत तो ऐकू आला की ती तव्याखालचा जाळ वाढवायची. नवरा आला, एवढाच त्याचा अर्थ. लग्न झाल्यापासून ती तो रोज ऐकत आली होती आणि एकदाही तिच्या मनात आलं नव्हतं की हा खोकला आहे.

तिनं पोर आईच्या मांडीवर दिली. त्याला हात धरून ओसरीत बसवलं, पाणी दिलं आणि मोबाइलवर खोकल्यासाठी एक कोरा नकाशा उघडला.

"नाव सांगा," ती म्हणाली.

तो तिच्याकडं बघायला लागला. "मायं नाव तुले माहीत नाही काय?"

"माहीत आहे," ती म्हणाली. "तरी विचारून राहिली."