वापरातल्या शाली

लातूर जिल्हा झाला त्या साली पावसानं तोंड फिरवलं, पण शालींना काही तोटा न्हवता. ज्याला बघावं त्याचा सत्कार. सभापतीचा, ठेकेदाराचा, सभापतीच्या मेहुण्याचा. त्या समद्या शाली माझ्या डोळ्यांखालून जायच्या, कारण मी, मन्मथ, नांदेड रोडवरच्या जकात नाक्यावर कारकून. शहरात येणारा माल कशात मोडतो ते ठरवायचं आन तसा दर लावायचा. अंथरूण-पांघरूण असलं तर दर कमी, शाल असली तर जास्ती, घरच्या वापरातलं असलं तर माफ. व्यापारी शालीला चादर म्हणायचे, मी चादरीला शाल म्हणायचो. रोज तीच कटकट. जीव विटला होता नुसता.

थंडीत एका दुपारी नांदेडहून आलेल्या एसटीतून आम्ही नागुबाईला गाठोड्यासकट उतरवलं. ही मुलींच्या वसतिगृहातली स्वयंपाकीण. एसटी काही थांबली न्हाई, गेली निघून.

गाठोडं सोडलं तर आत सत्काराच्या शाली! कोऱ्या करकरीत, घडी मोडलेली न्हाई, टाचण्या जागच्या जागी.

"माझी बहीण नांदेडात एका पुढाऱ्याकडं भांडी घासती," ती म्हणाली. "तिथं ट्रंका भरून पडल्यात. बाईसायबांनी दिल्या. पोरींचे मायबाप दुष्काळापायी ऊसतोडीला गेले, दादा. पोरी पोती पांघरून निजून राहिल्यात."

"म्हणजे वापरलेल्या हायेत?"

"हाव की. पुढाऱ्याच्या खांद्यावर पडलेल्या."

"मग गुलाल कुठाय? एखादी पाकळी, नारळाची शेंडी, काहीतरी?"

"झटकून काढलं समदं. नीट घड्या घातल्या, टाचण्या लावल्या."

मी कपाळावर हात मारला. "अगं माय माझे! तो गुलालच तुझा साक्षीदार होता!"

आतून आमचे निरीक्षक अण्णाराव ओरडले. नवा जिल्हा, नवा जोर. "घडी मोडलेली न्हाई म्हणजे नवा माल, मन्मथ. शालीचा दर लाव. भरत नसंल तर माल ठेवून घे."

भरायला तिच्याकडं काय होतं? माल ठेवून घेतला की पोरी पोत्यातच राहणार. मला सणकून राग आला, पण काढावा कुणावर?

"साहेब, दोन मिनिटं खांद्यावर पडली ती वापरली का न्हाई?"

"वापर दिसाया पाहिजे."

नागुबाईनं ते ऐकलं. तिनं टाचण्या उपसून टाकल्या, शाली उलगडून नाक्याच्या फरशीवर एकीवर एक अंथरल्या, एक अंगावर ओढली आन सरळ आडवी झाली.

"बघा आता वापर," म्हणाली.

ट्रकवाले खदाखदा हसले. मीबी हसलो, खोटं कशाला बोलू? पण जरा वेळानं बघतो तर बाईला खरोखरच डोळा लागलेला. तोंड उघडं, शालीतून बाहेर आलेल्या टाचा भेगाळलेल्या. पहाटे टँकरच्या रांगेत, दिवसभर चुलीपुढं. अशी पडली कधी असंल कुणास ठाऊक. मला लई वाईट वाटलं. एकानं हॉर्न दाबला, त्याला मी शिवी हासडली.

अण्णाराव बाहेर आले. तिच्याकडं बघत उभे राहिले.

"काय लावू, साहेब?"

ते म्हणाले, "वापरातलं पांघरूण. सोड."

ती दचकून उठली, पदर सावरला आन सवयीनं शालीची घडी घालायला लागली. मी खेकसलो, "घडी घालू नको, बाई! फुडच्या चौकात जकातीचं फिरतं पथक असतं. पुन्हा नव्या दिसतील. चुरगाळून बांध."

तिचे हात थांबले. "पोरींना आजवर समदं कुणाच्या तरी अंगावरचं उतरलेलंच मिळालं, दादा. फ्रॉक उतरलेला, चपला उतरलेल्या. एकदा तरी आपल्या हातानं टाचणी काढावी त्यांनी, घडी मोडावी, म्हणून केलं होतं."

तिनं शाली कशाबशा कोंबल्या, गाठोडं डोक्यावर घेतलं आन नाक्याच्या आडव्या बांबूखालून वाकून गेली.

पलीकडं रस्त्याकडेला एक लिंब होता. तिथं बसून तिनं गाठोडं सोडलं. एक शाल मांडीवर घेतली, हातानं सुरकुत्या काढल्या आन काठाला काठ जुळवून घडी घातली. मग दुसरी घेतली.

"साहेब, ती पुन्हा घड्या घालून राहिली. फिरतं पथक धरंल की तिला."

"सोडल्याची पावती फाड," अण्णाराव म्हणाले. "माझी सही घे. नेऊन दे तिला."

पावती खिशात घातली. टाचण्या फरशीवर विखुरल्या होत्या. मी गुडघे टेकले आन एकेक वेचायला लागलो. एक ट्रकवाला म्हणाला, "ओ कारकून, आमची गाडी सोडा की!" त्याला म्हटलं, थांब जरा. समद्या सापडल्यावर उठलो आन बांबूखालून वाकून तिला नेऊन दिल्या.