हळू फिरणारा पंखा

"चालू केलाय का?" एगॉननी, माझ्या सासऱ्यांनी, पुन्हा विचारलं.

"केव्हाच," काउंटरमागची मुलगी म्हणाली.

त्यांनी पंख्यासमोर तळवा धरला. वारा लागला तेव्हा कुठे त्यांचा विश्वास बसला.

त्याआधी दाखवलेला, संगणक थंड ठेवणारा छोटा कूलर सुरू होताच त्यांनी तोंड वाकडं केलं होतं. येप्पेनं, माझ्या नवऱ्यानं, तोच घ्यायला सांगितलं होतं. कुठल्याही संगणकात बसतो म्हणून. पण त्याचा इवलासा पंखा भरभर फिरून किरकिरत होता. हा दुसरा उंच, पातळ पत्र्यांच्या चळतीसारखा. याचा पंखा बशीएवढा, त्यामुळे सावकाश फिरूनही प्रोसेसर थंड ठेवतो, असं त्या मुलीनं समजावलं. संगणकाच्या आतलं माप एगॉननी घरूनच आणलं होतं. खिशातली घडीची पट्टी उलगडून त्यांनी कूलरची उंची मोजली.

"नखभर फट राहते. सुतारकाम करायचो तेव्हा दारांना मी याहून कमी ठेवायचो."

आठवडाभर मला धड झोप नव्हती. सोमवारी मला कामावर रुजू व्हायचं होतं, पाळणाघरात उन्हाळ्यापर्यंत जागा नव्हती, आणि माझ्या तान्ह्या तिल्देला सांभाळायला माझ्या या सासऱ्यांशिवाय कोणी नव्हतं.

सवय व्हावी म्हणून मंगळवारी तिला त्यांच्याकडे ठेवलं होतं. मला राहवेना, लवकरच परतले. इथल्या रीतीप्रमाणे झोपायला बाहेर अंगणात ठेवलेली तिल्दे बाबागाडीत रडून रडून लालबुंद. खिडकीच्या आत एगॉन पाठमोरे. तिचा आवाज ऐकवणारी डबी त्यांच्या कोपराशी किंचाळत होती आणि त्यांची कानातली श्रवणयंत्रं बशीत पडलेली. सासूबाईंनी काढलेल्या जुन्या व्हिडिओ टेप्स ते संगणकावर उतरवत होते. ते काम चाललं की जुना पंखा असा घोंघावायचा, की यंत्रं कानात ठेवणं म्हणजे शिक्षाच.

ते तिल्देला उचलायला पुढे झाले, पण मी तिला घट्ट धरून ठेवलं. त्यांनी हात मागे घेतले. सबब एकही सांगितली नाही. दुसऱ्या दिवशी त्यांचाच फोन आला, पंखा बदलायचाय, येतेस का बरोबर?

दुकानातून त्यांच्या घरी आल्यावर त्यांनी कूलर स्वतःच बसवला. प्रोसेसरवर उष्णता ओढून घेणारा वाटाण्याएवढा लेप, चार स्क्रू, आणि संगणकाचं झाकण खरंच बसलं. मग टेप लावली. घर इतकं शांत, की मलाच चुकल्याचुकल्यासारखं झालं.

तिल्देला बाबागाडीत निजवलं, आवाज टिपणारी डबी तिच्या उशाशी ठेवली; तो ऐकवणारी दुसरी आत एगॉनच्या टेबलावर होती. ती झोपली तरी माझा पाय निघेना. अंगणात गारठा होता. मी पांघरुणाशी वाकून ओठांतल्या ओठांत म्हणाले, "थकले गं मी. तुला इथं ठेवून जाऊ की नको, काही कळतच नाही."

मागचं दार उघडलं. एगॉन सपाता घालून तसेच बाहेर आले. दोन्ही कानांत यंत्रं. हातात सासूबाईंचा लोकरी कोट होता. त्या गेल्यापासून खुंटीवरून तो कोणी हलवला नव्हता.

"हळू बोल," ते म्हणाले. "उठेल ती."

कोट त्यांनी माझ्या खांद्यांवर टाकला. मग बाबागाडीच्या दांड्यावरचा माझा हात अलगद बाजूला केला, आणि तिथं आपला ठेवला.