हिरीबाईच्या बाह्या

हिरीबाईला ताप येत नाही, हे मेडशीजवळच्या त्या तांड्यात सगळ्यांना ठाऊक होतं. घरोघरी माणसं हुडहुडी भरून गोधडीत शिरली, तरी ही बाई आपली हापशीवर पाणी भरताना दिसायची. नवऱ्यासोबत वीस वर्षं गडचिरोलीच्या जंगलात बांबू तोडला, तेव्हा यायचा तेवढा ताप येऊन गेला, आता तो माझ्या वाट्याला जात नाही, असं ती तोऱ्यात सांगायची. नवरा दोन वर्षांपूर्वी वारला. मुलगा अमरसिंग पुण्याला, त्याचा फोन दिवाळीला.

जीव लावायला होती ती फक्त शेजारच्या शीलाची पाच वर्षांची निता. शीला सोयाबीन काढायला जायची, यायला अंधार पडायचा. तोवर निता हिरीबाईच्या ओट्यावर, तिच्या मांडीवर. डास घोंघावू लागले की हिरीबाई पोरीला पदरात घ्यायची, स्वतःच्या बाह्या दंडापर्यंत वर सारायची आणि डासांना म्हणायची, "या, मले चावा. माह्या निताले नका चावू." निता खुदुखुदु हसायची. त्या हसण्यावर म्हातारीचा दिवस निघायचा.

महिन्यात निता दोनदा मलेरियाने तापली. मग आरोग्य केंद्राची आशाताई, चंदाबाई, रक्त तपासायला घरोघरी बोटं टोचत फिरली.

"मले कायले टोचून राह्यली वं? मले कधी शिंकबी नाही आली," हिरीबाई म्हणाली. चंदाबाईने तिचं काही चालू दिलं नाही.

चार दिवसांनी ती गोळ्या घेऊन आली. "हिरीबाई, मलेरियाचे जंतू तुमच्या रक्तात हायेत. अंगाले सवय झाली, म्हणून तुमाले ताप येत नाही. पण तुमाले चावलेला डास आठ-दहा दिवसांनी दुसऱ्याले चावला, का त्याले येते."

हिरीबाई आपल्या दंडांकडे बघत राहिली. रोज संध्याकाळी डासांना बोलावून बोलावून तिने हेच रक्त पाजलं होतं. चंदाबाई कोणाला सांगणार नव्हती, गप्प बसता आलं असतं. पण संध्याकाळी शीला लेकीला न्यायला आली, तेव्हा हिरीबाईने उंबऱ्यातच सगळं सांगून टाकलं. निताला कडेवर घेऊन शीला वळली.

गोळ्या संपल्या. पुन्हा रक्त तपासलं, ते स्वच्छ निघालं. चंदाबाईने शीलालाही तसं सांगितलं. तरी शीलाने निताला काही पाठवलं नाही, ती स्वतःच दिवस मावळायच्या आत घरी येऊ लागली. हिरीबाईला राग आला नाही, शीलाच्या जागी तिनेही हेच केलं असतं. फक्त संध्याकाळ सरता सरत नव्हती. एकटं बसवत नाही म्हणून ती ओटा दोनदा झाडायची.

एके दिवशी दिवेलागणीला समोरच्या ओट्यावर निता एकटीच दिसली. शीला आत भाकरी थापत होती. निताने स्वेटरच्या बाह्या वर सारल्या, काडीसारखे हात पुढे केले आणि ती ओरडली, "या, मले चावा! माह्या आजीले नका चावू!"

"बाह्या खाली कर वं पोरी!"

हिरीबाई ओट्यावरून उतरून धावली आणि गल्लीच्या मधोमध थबकली. पिठाच्या हातांनी शीला दारात आली होती. तिने लेकीच्या बाह्या मनगटापर्यंत ओढल्या, तिला आत नेलं. दार मात्र उघडंच ठेवलं.