टोपीतला गुलाब

तंदूरभट्टीशेजारच्या वीतभर जागेत सओदतने एकच सुगंधी गुलाब पोसला होता. थंडीत तिचा नवरा एर्गाश त्याला मातीखाली झाकायचा आणि वसंतात, नवरोजच्या सणाला, ती स्वतःच्या हातांनी माती उकरायची. यंदाची पहिली कळी उमलली, आणि चहा ठेवून ती परत येते तो फूल गायब! चक्क मानेपाशी खुडलेलं.

चोर कोण, हे सांगायला ज्योतिषी नको होता. एर्गाश चहाखान्यातून परतला तेव्हा टोपीच्या कडेला, कानावर, फूल डुलत होतं. मर्गिलान शहरातल्या सगळ्याच म्हाताऱ्यांना ही हौस.

"अहो, जिवाला काही वाटतं का? त्या तापानंतर तुम्हाला करपलेल्या पुलावाचा वास कळत नाही, मग फूल कशाला हवं?"

"मला नाही गं येत," तो ओशाळून म्हणाला. "पण मी आत शिरलो की सगळे माना वळवतात. विचारतात, कुणाकडचा? मी म्हणतो, आमच्या सओदतचा. मग वास कसा आहे, हे ते सांगत बसतात, आणि मी ऐकत बसतो."



दुसरं फूल उमललं त्या सकाळी तो उठायच्या आत ती कात्री घेऊन गेली. पाच पानांच्या झुबक्याच्या जरा वर तिरपा काप घेतला, देठ आखूड केला आणि फूल स्वतः त्याच्या टोपीत खोचलं.

"असं कापायचं असतं, मान मुरगळायची नसते," तो टोपी घ्यायला आला तेव्हा ती फणकारली. तो निघाला, तशी तिने बाही धरली.

"एवढी घाई कसली? आधी इथं बसा. वास कसा आहे, ते मी सांगते."