पहिला घोट

माझ्या वकिलाने कोर्टाच्या दारातच बजावलं होतं, झाडाबिडांचं नाव काढायचं नाही. नवरा गेल्यावर सासूबाईंनी नातीच्या ताब्यासाठी दावा लावला होता. म्हणणं एकच: ही सुतारकाम करणारी बाई लाकडाला करवत लावण्याआधी त्याची परवानगी मागते आणि पोरीलाही तेच शिकवते. त्यांचा वकील 'पेगन' हा शब्द असा उच्चारत होता, जणू घरात साथच आली असावी.

न्यायाधीशबाईंनी विचारलं, म्हणजे नक्की काय? तो सरसावला. यांना ग्रंथ नाही, प्रेषित नाही, स्वर्ग-नरकाचा हिशेब नाही. नदी, चूल, उंबरा, दिसेल तो देव. गडी बोलला मात्र बरोबर. मी मान डोलवायचीच बाकी होते.

मग बाई माझ्याकडे वळल्या. हे अजून मानता का? बाकावर माझी लेक पाय हलवत बसली होती. तिच्याशिवायचं घर डोळ्यांपुढे आलं.

"सोडलं सगळं," मी म्हणाले. स्वतःची इतकी चीड मला कधी आली नव्हती.

तेवढ्यात लेकीला खोकला आला. शिपायाने पाण्याचा पेला दिला. ती आता काय करणार हे मला ठाऊक होतं, पण ओरडणार कशी? ती उठली, खिडकीतल्या सुकलेल्या कुंडीत थोडं पाणी ओतलं आणि मग प्यायली.

बाईंनी विचारलं, हे कुणी शिकवलं?

"आईनं. आधी त्याला, मग आपल्याला."

माझ्या वकिलाने कपाळाला हात लावला. कोंबडं झाकलं म्हणून तांबडं फुटायचं राहतं थोडंच? मी उभी राहिले.

"खोटं बोलले मी. काही सोडलेलं नाही. आमच्यात दुसऱ्याचा देव खोटा ठरवावा लागत नाही, एवढाच फरक. ही आजीबरोबर प्रार्थनेला गेली तरी माझी ना नाही."

"माझ्या घरात एकच देव," सासूबाई म्हणाल्या. "तिथे हे चालायचं नाही." पोटचा मुलगा गेला होता त्यांचा. नातीला वाचवतोय असंच त्यांना मनापासून वाटत होतं, आणि मला त्याचीच जास्त भीती वाटली.

लेक पेला घेऊन त्यांच्यापुढे गेली.

"आजी, तुझ्या देवासाठीपण ठेवलंय."

सासूबाईंचा हात पेल्यासाठी उठला, अर्ध्यावर थांबला आणि पुन्हा मांडीवर गेला. पोर पेला धरून तशीच उभी होती. न्यायाधीशबाई पेन खाली ठेवून त्या दोघींकडे बघत होत्या.