साहेबांचे चार शब्द

पेनांगच्या त्या हॉटेलात पाऊल ठेवेपर्यंत बेनेदिक्ताबाईंना आपलं भाषण इतकं पाठ झालं होतं, की झोपेतून उठवून विचारलं असतं तरी त्यांनी ते घडाघडा म्हणून दाखवलं असतं. तेही इंग्रजीत. आमच्या बेटावर इंग्रजीत चार वाक्यं धड बोलणारं माणूस मिळणं मुश्कील, त्यामुळे बाईंचं सगळ्यांना कौतुक.

भाषणात सांगायचं होतं ते साधंच. लारांतुका गावाहून बोटीने गेलं की आमचं बेट लागतं. तिथे बंदराजवळ खोबऱ्याचं एक जुनं गोदाम आहे, आणि त्या गोदामात बाई गेली कित्येक वर्षं मास्तर घडवतात. डोंगरावरच्या शाळांतून शिकवणारी पोरंपोरी जेमतेम बारावी झालेली. पगार नावापुरता, एका खोलीत चार इयत्ता, आणि शिकवायचं कसं हे त्यांना कुणी कधी सांगितलेलं नाही. सुट्टी लागली की ती खाली उतरतात, गोदामातच पथाऱ्या पसरतात. तिसरीला गणित घालून पहिलीकडे कसं वळायचं, न बोलणाऱ्या मुलाला बोलतं कसं करायचं, हे बाई त्यांना करून दाखवतात. हे सगळं हॉलंडमधल्या एका संस्थेच्या पैशावर चाललं होतं आणि तो पैसा या डिसेंबरात संपत होता. मग गोदाम मालकाकडे परत जाणार, आणि मालक त्यात पुन्हा खोबरं भरणार.

संस्थेच्या आनलीसबाई मनाच्या चांगल्या. त्यांनी फोनवर स्पष्टच सांगितलं होतं, "आता पुढे एकाच केंद्राला मदत देता येईल. पेनांगच्या शिक्षक प्रशिक्षण परिषदेला या. आमची वरची माणसं समोर असतील. पंधरा मिनिटं मिळतील तुम्हाला. काय अडलंय ते सरळ सांगा. लाजू नका."

लाजू नका, हे आमच्या माणसाला सांगायला हॉलंडच्या माणसाचं काय जातं!

बाईंबरोबर शिक्षणाधिकारी सेवेरिनुस कोतेन आले होते. हाताखालची बाई परदेशी निघाली आणि साहेब घरी बसले, असं आमच्याकडे होत नसतं. पण कोतेनसाहेब माणूस वाईट नाही, हे आधीच सांगून ठेवतो, नाहीतर पुढचं वाचून तुम्ही त्यांच्या नावाने बोटं मोडाल. बाईंच्या रजेचा कागद टेबलाटेबलावर अडला, तेव्हा साहेबच स्वतः उठून तो पुढे नेत होते. कुपांगच्या विमानतळावर बाईंची पिशवी त्यांनी न मागता उचलली. पिशवीत मक्याचे पोहे होते. बाईंच्या वहिनीने गरम दाणे दगडावर ठेचून केलेले, आनलीसबाईंना द्यायला.

"बाई, घाबरायचं नाही," विमानात साहेब म्हणाले. "खणखणीत बोला. मी पुढच्याच रांगेत बसतो."

"तुम्ही नुसते बसलात तरी धीर येईल, साहेब."

"नुसता कशाला बसू? पोहे खात बसेन." आणि साहेबांनी खरंच एक पुडी फोडली.

हॉटेलात बाईंच्या खोलीत मिंदानाओ बेटावरची नेनिता आबुकाय होती. ठेंगणी, बडबडी, आणि हसली की सगळ्या अंगाने हसणारी. तीही असंच केंद्र चालवायची. तिच्या केंद्राचं छप्पर वादळात उडालं होतं आणि तेव्हापासून तिचे मास्तर चर्चच्या पडवीत शिकत होते. तीही आनलीसबाईंच्याच फोनवरून आली होती.

"म्हणजे तू माझी सवत," पहिल्या संध्याकाळी पोहे चघळत नेनिता म्हणाली.

"नवरा एक आणि तोही म्हातारा डच," बाई म्हणाल्या, आणि दोघी पोट धरधरून हसल्या.

हसणं झाल्यावर मात्र नेनिताने बाईंना उभं केलं, हातात माईक म्हणून कंगवा दिला आणि फोनवर वेळ लावली. "नमस्कार-चमत्कार एका वाक्यात उरक. परिषदेची ती अध्यक्षबाई घंटा घेऊन बसते. घंटा झाली की देवाला सुद्धा खाली उतरवेल ती."

बाईंनी पहिल्यापासून शेवटपर्यंत म्हणून दाखवलं. वेळेत बसलं.

"छान. आणि तुझे ते साहेब? ते बोलणार आहेत?"

"छे! कार्यक्रमात त्यांचं नावच नाही."

"मग बरं. आमचे साहेब आले असते तर मी त्यांना सकाळीच बाजारात पिटाळलं असतं, बायकोसाठी काहीतरी घ्या म्हणून."

"आमच्यात असं नाही करत कुणी."

"आमच्यात तरी कोण करतं गं? मी आपली बोलते झालं."

दुसऱ्या दिवशी बाई आईने विणलेलं लाल-काळं लुगडं नेसून गेल्या. सभागृह भरलं होतं. पहिल्या रांगेत आनलीसबाई, त्यांच्या शेजारी संस्थेचे पिकल्या केसांचे अध्यक्ष, उघडी वही, हातात पेन. त्याच रांगेच्या टोकाला कोतेनसाहेब, हातमागाचं जाकीट घालून, हात मांडीवर ठेवून, शाळेच्या संमेलनाला आलेल्या बापासारखे. नेनिताने मागून अंगठा उंचावून धीर दिला.

बाईंनी माईक हातात घेतला. "नमस्कार," त्या म्हणाल्या. पहिलं वाक्य ओठांवर आलं. आणि त्यांची नजर साहेबांकडे गेली.

आता आमच्याकडची रीत अशी, की वरिष्ठ माणूस समोर बसला असेल तर त्याच्या चार शब्दांवाचून काही सुरूच होत नाही. लग्न असो, बारसं असो, विहिरीचं पाणी सोडायचं असो. आधी साहेब बोलणार, मग बाकीची माणसं. साहेब समोर आणि आपण थेट तोंड उघडायचं, म्हणजे वडिलांच्या आधी ताटावर बसायचं. बाईंचं उभं आयुष्य या रिवाजात गेलेलं. साहेबांनी काही मागितलं नव्हतं. खूणही केली नव्हती. पण बाईंच्या तोंडून शब्द गेले ते असे:

"सुरुवातीला आमच्या आदरणीय साहेबांनी चार शब्द बोलावेत, अशी मी त्यांना नम्र विनंती करते."

मागे नेनिताने कपाळावर हात मारला.

साहेब दचकलेच. त्यांनी छातीवर बोट ठेवून "मी?" असं विचारलं आणि मग जाकीट सारखं करत उठले. नको म्हणणंही रीतीत बसत नाही.

साहेबांना इंग्रजी येत नव्हतं. ते एक वाक्य बोलणार आणि बाई त्याचं इंग्रजी करणार, म्हणजे चार शब्दांचे आठ झाले. आदरणीय अध्यक्षबाई. आदरणीय हॉलंडचे पाहुणे. मग साहेब पुढे वाकून रांगेतल्या एकेकाच्या गळ्यातल्या पाटीवरचं नाव वाचू लागले, कारण एखादा राहून गेला तर त्याचा अपमान. बाई एकेका नावाचं इंग्रजी करत होत्या. नावांचं कसलं इंग्रजी! पण करत होत्या. मग हवामान, मग प्रवास, मग पेनांगच्या लोकांचा पाहुणचार. अध्यक्षबाई घंटेवर बोटं वाजवत होत्या.

मग साहेबांनी बाईंकडे हात केला. "ही आमची बाई. हिच्यासारखी दुसरी नाही." हे ते अगदी मनापासून बोलत होते. स्वतःच्या कौतुकाचं इंग्रजी करताना बाई लाजेने मेल्या.

"हॉलंडच्या मित्रांनी आजवर हात दिला, आम्ही ते विसरणार नाही," साहेब म्हणाले. "पण आमचं बेट भिकेला लागलेलं नाही. आता आम्हाला कुणाच्या मदतीची गरज नाही. पुढच्या वर्षापासून हे केंद्र आमचं कार्यालय स्वतः चालवेल."

आणि ते थांबले, आता बाईंनी बोलावं म्हणून.

कार्यालयाकडे दमडी नव्हती. हे साहेबांना ठाऊक होतं, बाईंना ठाऊक होतं. सभागृहात आमची भाषा कळणारी माणसं होती, पण ती मागे बसून आपापले फोन बघत होती. पुढच्या रांगेला कळणार होतं ते फक्त बाईंच्या तोंडून. बाई काहीही म्हणू शकल्या असत्या. साहेब आभार मानताहेत, एवढं म्हणाल्या असत्या तरी टाळ्या पडल्या असत्या आणि साहेब खूश होऊन खाली बसले असते. मी कितीदा तरी मनातल्या मनात त्या जागी उभा राहिलो आहे आणि ते वाक्य गिळून टाकलं आहे. पण साहेब त्यांच्याकडे इतक्या विश्वासाने बघत होते, की बाईंना ते जमलं नाही. त्यांनी साहेबांचं बोलणं शब्दशः इंग्रजीत सांगितलं. जरा सुद्धा अडखळल्या नाहीत.

टाळ्या पडल्या. पिकल्या केसांच्या अध्यक्षांनी मान डोलावली आणि पेनाला टोपण लावलं.

"आता दोन मिनिटं उरली," अध्यक्षबाई म्हणाल्या.

बाईंनी पाठ केलेलं एकेक वाक्य आठवून पाहिलं. पैसे नाहीत, जागा जाणार, मास्तर परत डोंगरावर तसेच जाणार. यातलं कुठलंही उच्चारलं तरी साहेब सगळ्यांदेखत खोटे पडत होते. शेवटी त्यांनी गोदामाचा फोटो दाखवला, मास्तरांची गावं सांगितली, सगळ्यांचे आभार मानले आणि घंटा व्हायच्या आधीच खाली उतरल्या.

दाराशी आनलीसबाईंनी त्यांचे दोन्ही हात हातात घेतले. "मला इतका आनंद झाला! स्वतःच्या पायावर उभं राहिलेलं केंद्र फार क्वचित बघायला मिळतं हो." साहेब शेजारीच उभे होते, तोंडभर हसत. बाई "थँक यू" म्हणाल्या.

जेवणाच्या वेळी साहेबांनी भातावर दोन-दोन रस्से घेतले. बाईंनी ताटाला हात लावला नाही.

"का हो बाई? भाषण तर झकास झालं."

"साहेब, आपल्या कार्यालयाकडे पैसा आहे?"

साहेब घास घेता घेता थांबले. "कुठला आलाय पैसा!"

"मग तुम्ही तसं का सांगितलंत?"

"अहो, परक्याच्या घरी जाऊन आपली फाटकी चादर दाखवायची का? तुमची मान खाली जाऊ नये म्हणून बोललो मी."

"मी चादर दाखवायलाच आले होते, साहेब. त्यासाठीच बोलावलं होतं त्यांनी. आता एकालाच मदत मिळणार आहे."

साहेबांचा चेहरा उतरला. ते भात नुसता चिवडू लागले. मग अगदी हळू आवाजात म्हणाले, "मला हे आधी का नाही सांगितलंत? मी तर गप्प बसलो होतो हो, बाई. मला उठवलंत कशाला?"

साहेबांनीच पुन्हा तोंड उघडलं. "जा, सांगा त्यांना. म्हणावं, म्हातारा काहीतरी बरळला. माझं नाव खुशाल घ्या."

हे म्हणायला साहेबांना किती जड गेलं असेल ते आमच्याच माणसाला कळेल. बाई उठल्या आणि हॉटेलभर आनलीसबाईंना शोधत फिरल्या. त्या बागेत भेटल्या, फोन नुकताच खाली ठेवला होता. बाईंनी सगळं सांगितलं, रडत सांगितलं, काहीही न लपवता. जे पंधरा मिनिटांत सांगायचं होतं ते तीन-चार वाक्यांत सांगून झालं.

आनलीसबाई खुर्चीत मागे टेकल्या. "अरे देवा. आमची बैठक जेवणाआधीच झाली. नेनिताला मी आत्ताच सांगून आले. पोरगी माझ्या गळ्यात पडून रडली हो. आता मी परत जाऊन तिला काय सांगू?"

बाईंनी डोळे पुसले.

"आणि गरज नाही, हे मी तुमच्याच तोंडून ऐकलं," आनलीसबाई म्हणाल्या. त्या रागावल्या नव्हत्या. त्या खरोखर बुचकळ्यात पडल्या होत्या.

बाई खोलीवर आल्या तेव्हा नेनिता पलंगावर मांडी घालून फोनवर ओरडत होती. पलीकडून बाया-बाप्यांचा कल्ला ऐकू येत होता, कुणीतरी ताट बडवत होतं. बाईंना बघताच तिने फोन खाली टाकला आणि धावत आली. मग मध्येच थांबली.

"तुला कळलं?"

"कळलं. अभिनंदन गं."

"खरं सांग, मनात काही नाही ना?" नेनिताचे डोळे अजून ओले होते. "तुमचं सरकार करतंय म्हणून मी घेतलं. नाहीतर देवाशपथ, मी त्यांना म्हटलं असतं, निम्मं हिला द्या. अजूनही म्हणेन. तू फक्त सांग."

ती खरंच गेली असती. फोनमधली माणसं तिला हाका मारत होती आणि ती त्यांच्याकडे न बघता बाईंच्या तोंडाकडे बघत उभी होती.

"वेडी की काय तू," बाई म्हणाल्या. "आम्हाला नाही गरज. पुढच्या वर्षीपासून आमचं कार्यालयच चालवणार आहे."

या वेळी पुढे उभं राहून ते वाक्य आधी बोलणारं कुणी नव्हतं. ते बाईंचं स्वतःचं होतं.